माझ्या एका मैत्रिणीला दिसेनासं झालंय

वरच्या बाई जमिनीवर स्वस्थ बसलेल्या कधी कोणी पाहिल्या नव्हत्या. चहा उभ्यानं, केस विंचरणं चालता चालता, आणि टीव्ही लावला की त्याच्यासमोर कपड्यांच्या घड्या घालत येरझारा. "अगं, पायाला भिंगरी लावून आलीयस का? बस की जरा!" असं नवऱ्यानं म्हटलं की त्या बसायच्या आणि दुसऱ्या मिनिटाला गॅस बंद केलाय का ते बघायला उठायच्या. गॅस लावलेलाच नसायचा.

पण हीच बाई सकाळी सात वाजता क्रेनची शिडी चढून ऐंशी मीटरवरच्या त्या टीचभर काचेच्या खोलीत गेली आणि खुर्चीत टेकली की संपलं. चार-चार तास जागची हलायची नाही. हलायचे ते फक्त दोन हात, दोन दांड्यांवर, तेही इतके हळू की बघणाऱ्याला वाटावं झोप लागली की काय. एकवीस वर्षं हेच काम. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं तेवढंच. कामावर साहेबांपासून पाणीवालीपर्यंत सगळे त्यांना वरच्या बाई म्हणत, आणि त्यांनाही ते मनापासून आवडायचं. जगात एकच जागा अशी होती जिथं त्यांचा जीव थाऱ्यावर असायचा, आणि ती जागा वर होती.

खाली असायचे शिट्टीदादा. वायरलेस नव्हते तेव्हा ते गळ्यात शिट्टी अडकवून खुणा करायचे. शिट्टी गेली, नाव राहिलं. आता ते वायरलेसवर बोलत. बोलत म्हणजे अखंड बोलत. "उतरवा, उतरवा, उतरवा, उतरवा…" असं त्यांचं चालू असेपर्यंत बाईंचा हात चालू. आवाज तुटला की हात जागच्या जागी थांबला पाहिजे, मग तो शिंक आली म्हणून तुटलेला का असेना. आणि दुसरा कायदा असा, की ‘थांबा’ म्हणायचा हक्क सगळ्यांना. चालवायला सांगणार शिट्टीदादा एकटे, पण थांबवू कोणीही शकतो. एकदा एका फेरीवाल्यानं उगाच ‘थांबा थांबा’ केलं होतं आणि अडीच टनांची तुळई पाव तास हवेत लटकत राहिली होती. कोणी त्याला चकार शब्द बोललं नाही.

आता घरचं सांगतो. नवरा बेकरीत भट्टीवर, गरीब स्वभावाचा. एक मुलगी, शाळेत. आणि नणंदबाई. नवऱ्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याचं दुकान. डॉक्टर नव्हेत, पण तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत डोकावून भिंगं घासलेली बाई. कमी बोलायच्या आणि नेमकं बोलायच्या. त्यांच्यात दोष म्हणाल तर एकच होता, त्या नेहमी बरोबर असायच्या. आणि हा दोष वरच्या बाईंना काही केल्या पोटात घालता येत नव्हता.

सोफ्याचं प्रकरण झालं चार वर्षांपूर्वी. नवा सोफा घ्यायचं ठरलं, तेव्हा नणंदबाई सहज म्हणाल्या, "आधी जिन्याचं वळण मोजून घ्या." झालं! वरच्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात. "मी रोज अडीच टनांची तुळई बोटभर फटीत बसवते, ताई. मला जिना शिकवता? तुम्हाला विचारलं कोणी?" हे चार पाहुण्यांसमोर. सोफा आला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जो अडकला, तो ना वर जाईना ना खाली. अख्ख्या इमारतीची माणसं चार तास सोफ्यावर पाय देऊन जा-ये करत होती. शेवटी सुतार बोलावून सोफ्याचे पाय कापले, मग हात कापले. नणंदबाई खाली उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत, हसल्यासुद्धा नाहीत, आणि तेच बाईंना जास्त झोंबलं. तेव्हापासून नणंदबाई घरी आल्या की पाऊसपाण्याचं बोलायच्या, आणि विचारल्याशिवाय सल्ला म्हणून द्यायच्या नाहीत.

तर एका मंगळवारी सकाळी, खोलीच्या काचा पुसताना, बाईंना वाटलं डाव्या बाजूच्या काचेवर माशी बसलीय. फडकं मारलं. माशी सरकली, पण उडाली नाही. उजवा डोळा झाकला तर माशी होती, डावा झाकला तर नव्हती. दुपारपर्यंत एकीच्या दहा झाल्या, आणि मान वळवली की डोळ्याच्या कडेला लख्खकन चमकायचं, लांबवर वीज चमकावी तसं. आभाळ तर निरभ्र होतं.

 डोळ्याची तक्रार म्हणजे काय, हे बाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. डोळ्याची तक्रार म्हणजे आजच्या आज खाली, आणि डॉक्टरचा कागद येईपर्यंत खालीच. त्यात पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी गच्चीवरची शेवटची तुळई चढायची होती. तीन वर्षं, अठरा मजले, एकेक तुळई बाईंच्या हातानं चढलेली. शेवटची दुसऱ्या कोणी चढवायची? छे! नाव काढू नका.

पण विचारायला तर हवं. बाई काही अडाणी नव्हत्या. चारचौघांना विचारावं एवढं त्यांना कळत होतं. कसं विचारावं, तेवढं मात्र त्यांनी आपल्या सोयीनं ठरवलं. त्यांनी एक मैत्रीण जन्माला घातली.

"माझ्या एका मैत्रिणीच्या डोळ्यासमोर ठिपके येतात," त्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात म्हणाल्या.

"वय काय?"

वय सत्तेचाळीस. पण सत्तेचाळीस म्हटल्याबरोबर हा माणूस आपल्या तोंडाकडे निरखून बघेल, म्हणून त्या म्हणाल्या, "बावीस. दिवसभर मोबाइल."

"मग काय होणार! हे थेंब घाला म्हणावं. आणि मोबाइल फेकून द्या म्हणावं."

थेंब घातले. काही झालं नाही, डोळा तेवढा चुरचुरला. मग शेजारचे निवृत्त व्यायामशिक्षक. त्यांना सांगितलेली मैत्रीण चाळिशीची होती, पण बैठं काम करणारी. ते म्हणाले, डोळे रोज शंभर वेळा गोल फिरवा. बाईंनी बसमध्ये उभ्या उभ्या डोळे गोल फिरवले, तेव्हा समोरच्या आजींनी पर्स घट्ट धरून जागा बदलली. नवऱ्याला सांगितलेली मैत्रीण ऑफिसातली होती. तो पीठ झटकत म्हणाला, "थकली असेल बिचारी. दोन दिवस रजा घे म्हणावं." शिट्टीदादांना मात्र बाई चुकून थोडं खरं बोलून गेल्या. म्हणाल्या, मैत्रीण गाडी चालवते.

शिट्टीदादा हातातला पोळीचा तुकडा खाली ठेवून म्हणाले, "बाई, आधी तिची गाडी बंद करा. डोळ्याचं काय ते मागाहून बघा."

हा सल्ला बाईंना बिलकूल रुचला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मैत्रिणीची गाडी गेली आणि ती कोणत्याशा वाचनालयात कामाला लागली. ही अशी गंमत होती बघा. उत्तर आवडलं नाही की बाई उत्तर बदलत नव्हत्या, प्रश्न बदलत होत्या. रविवारपर्यंत त्या मैत्रिणीची पार रया गेली होती: ती बावीस वर्षांची होती, वाचनालयात बसायची, तिला हे लहानपणापासून होतं आणि मुळात तिला काही झालेलंच नव्हतं. अकरा माणसांचे अकरा सल्ले बाईंच्या पदरात होते. जीव मात्र टांगणीला लागलेलाच. त्या आठवड्यात त्यांनी घरातली सगळी कपाटं दोनदा आवरली, तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, माझ्या वह्या आता विषयाप्रमाणे लावून झाल्या, रंगाप्रमाणे लावून झाल्या. आता जरा मला अभ्यास करू दे."

सोमवारी सावली आली.

डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला, खालून, करड्या रंगाची. पडदा सरकून आल्यासारखी. बाई पापण्या मिटायच्या, उघडायच्या. सावली जागची हलायची नाही. कामात तसं अडत नव्हतं, कारण उजवा डोळा होता आणि कानात शिट्टीदादा होते. "दादा, वर वारा फार आहे, जरा जास्त बोलत राहा," एवढं बाईंनी सांगून ठेवलं. दादा बिचारे घसा बसेपर्यंत बोलत राहिले. वारा नावालाही नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी बाई कामावरून निघाल्या आणि घराकडे न वळता दोन गल्ल्या पुढे गेल्या. चष्म्याच्या दुकानावरून एकदा सरळ पुढे निघून गेल्या. परत फिरल्या. पुन्हा पुढे गेल्या. तिसऱ्यांदा नणंदबाईंनीच आतून हाक मारली, "अगं, आत ये. किती वेळ गस्त घालशील?"

दुकान लहानसं. समोर अक्षरांचा तक्ता, भिंतीवर चौकटींच्या रांगा, कोपऱ्यात भिंग घासायचं यंत्र. बाई बसल्या नाहीत. एक चौकट काढ, घालून बघ, परत ठेव, असं करत म्हणाल्या, "ताई, माझ्या एका मैत्रिणीला जरा त्रास आहे."

नणंदबाईंनी यंत्र बंद केलं. "काय होतं?"

"ठिपके. आणि कडेला चमकतं कधी कधी."

"कधीपासून?"

आठ दिवस झाले होते. "दोन दिवस," बाई म्हणाल्या.

"एका डोळ्याला की दोन्ही?"

"एकाच."

"सावली येते का? कडेनं पडदा आल्यासारखी?"

बाईंनी हातातली चौकट घडी घालून जागेवर ठेवली, ती तिरकी बसली म्हणून सरळ केली, मग आणखी दोनदा सरळ केली. "नाही. सावली नाही."

नणंदबाईंनी त्या सरळ केलेल्या चौकटीकडे पाहिलं. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "सावली नसेल तर एक-दोन दिवसांत डोळ्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन बाहुली मोठी करून आतला पडदा तपासून घ्यायला सांग. आणि सावली असेल, किंवा आज रात्री, उद्या, केव्हाही आली, तर हातातला घास टाकून जायचं. आतला पडदा भिंतीवरून सुटत चाललेला असतो. मधल्या भागापर्यंत सुटला की गेलेली नजर पूर्ण परत येत नाही. हे तुझ्या मैत्रिणीला नीट सांग."

"सांगते," बाई म्हणाल्या, आणि चहाला न थांबता बाहेर पडल्या.

म्हणजे बघा, खोट्या प्रश्नाच्या उत्तराबरोबर खऱ्या प्रश्नाचंही उत्तर पदरात पडलं होतं. एवढं स्वच्छ, की त्यात वाद घालायला जागा नाही. दुसरं कोणी असतं तर त्याच पावली दवाखाना गाठला असता. वरच्या बाईंनी रस्ताभर हिशेब मांडला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीनच तर दिवस. आठ दिवस निघाले, तीन काय निघणार नाहीत? शुक्रवारी दुपारी तुळई बसली की थेट दवाखाना, अगदी थेट. घरी येऊन त्यांनी जेवण वाढलं, स्वतः चार घास उभ्यानं खाल्ले आणि कपाटं तिसऱ्यांदा आवरायला घेतली. नवरा दाराशी येऊन म्हणाला, "काय हरवलंय तुझं? मला तरी सांग." त्या म्हणाल्या, "काही नाही हो." बुधवार निघाला.

गुरुवारी सकाळी सळयांची मोळी उचलायची होती. शिट्टीदादा खाली मोळीपाशी. मोळी वर आली, आता क्रेनची भुजा डावीकडे फिरवायची. डावीकडे इमारतीला परांची बांधलेली, पण तिथं आज काम नाही असं सकाळीच ठरलेलं. तरीही फिरवण्याआधी बघायचं असतंच. बाईंनी डावीकडे मान वळवून बघितलं. रिकामं होतं.

रिकामं नव्हतं हो. एक गिलावा करणारा गवंडी आदल्या दिवशी विसरलेली थापी घ्यायला खिडकीतून परांचीवर उतरला होता. शिट्टीदादांचे डोळे मोळीवर. तोंडानं, "फिरवा, फिरवा, फिरवा, फिरवा…"

पाणीवाली कळशी घेऊन अंगण ओलांडत होती. तिनं वर पाहिलं, कळशी टाकली आणि अशी किंचाळली, "थांबा! अहो थांबा!" दादांच्या वायरलेसमधून ती किंकाळी सरळ बाईंच्या कानात गेली. दोन्ही हात आपोआप थांबले; एकवीस वर्षांची सवय होती ती. मोळी मात्र लगेच थांबत नाही. ती झुलत पुढे गेली, गवंड्याच्या छातीपासून हातभर अंतरावर पोचली, तिथं जराशी रेंगाळली आणि मागे फिरली. गवंडी थापी छातीशी धरून होता तिथंच मटकन खाली बसला.

बाईंनी खुर्चीतून सगळं धड वळवून उजव्या डोळ्यानं पाहिलं, तेव्हा कुठं त्यांना तो दिसला. पिवळं हेल्मेट. लख्ख उन्हात, समोर. मघाशी त्यांनी तिथंच बघितलं होतं. 

 वायरलेसवर शिट्टीदादांनी विचारलं, "बाई, दिसला नाही का तुम्हाला?"

वारा होता, ऊन डोळ्यांवर आलं, काच मळली होती. तिन्ही थापा जिभेवर तयार होत्या. बाईंनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "नाही दिसला, दादा. डाव्या डोळ्यानं मला नऊ दिवस नीट दिसत नाहीये. तिकडून काही दिसतच नाही."

मोळी त्यांनी दादांच्या आवाजावर, फक्त दादांच्या आवाजावर, अलगद खाली ठेवली. मग क्रेन बंद केली आणि शिडी उतरायला लागल्या. उतरताना दर टप्प्यावर कठडा धरून थांबावं लागलं. खाली गवंडी पाणी पीत बसला होता. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, काहीतरी बोलायला गेल्या आणि हुंदकाच फुटला. तो घाबरून उठला आणि उलट त्यांनाच म्हणाला, "अहो बाई, जिवंत आहे मी. रडताय काय!"

चष्म्याच्या दुकानात त्या पोचल्या तेव्हा एक गिऱ्हाईक आरशासमोर होतं. बाई दारातूनच म्हणाल्या, "ताई, सावली आहे. सोमवारपासून आहे. मलाच आहे." नणंदबाईंनी गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, शटर ओढलं आणि रस्त्यात उतरून रिक्षा थांबवली.  वाटेत बाईंची चुळबुळ चालली होती. नणंदबाईंनी त्यांचा हात मांडीवर घेऊन दाबून धरला होता.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध घातलं, प्रकाश टाकून आत पाहिलं, पुन्हा पाहिलं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. बाईंनी सगळं खरं खरं सांगितलं, तारीखवार. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "मधला भाग सुटलाय. कालपरवाच सुटला असावा. सोमवारी आला असतात तर बहुतेक सगळी नजर वाचली असती. आता जेवढी वाचेल तेवढी वाचवू."

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली. शुक्रवारी. त्याच वेळी तिकडे शेवटची तुळई दुसऱ्या कोणीतरी चढवली, आणि शिट्टीदादांनी फोनवर सांगितलं त्याप्रमाणे ती व्यवस्थित बसली. बाईंना ते फार लागलं. आपल्यावाचून काही अडलं नाही, हे ऐकायला कोणाला आवडतं?

आणि मग खरी शिक्षा सुरू झाली. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता, तो आतल्या पडद्याला जागेवर दाबून धरणार. त्यासाठी आठ दिवस, जागेपणी आणि झोपेतही, तोंड खाली करून पडायचं. या बाईला! पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, जीव जातो. पलंगाच्या कडेवरून डोकं पुढे काढून त्या पालथ्या पडायच्या, आणि त्यांना दिसायची फक्त फरशी. येणारा-जाणारा पायांवरून ओळखायचा. पिठाचे पाय नवऱ्याचे. धावणारे मुलीचे. काळ्या साध्या चपला आल्या की नणंदबाई.

त्या रोज दुपारी दुकान बंद करून यायच्या आणि खुर्ची ओढून बसायच्या. तिसऱ्या दिवशी त्या काळ्या चपला पलंगाला अगदी खेटून थांबल्या. मग म्हणाल्या, "मला त्या दिवशीच कळलं होतं."

"काय?"

"मैत्रीण कोण ते. आणि सावली आहे तेही. तू ती चौकट तीन वेळा सरळ केलीस."

बाई उठायला गेल्या. नणंदबाईंनी मानेवर हात ठेवून त्यांना पुन्हा खाली केलं.

"मग बोलला का नाहीत, ताई?" फरशीकडे बघत बाई ओरडल्या. "कान धरून न्यायचं होतं मला! एक थोबाडीत द्यायची होती!"

"द्यायला हवी होती," नणंदबाई म्हणाल्या.  "मला वाटलं, खोडून काढलं तर पुन्हा म्हणशील, तुम्हाला विचारलं कोणी. पुन्हा चार वर्षं तोंड फिरवशील. म्हटलं, मैत्रिणीचं विचारतेय, मैत्रिणीचं सांगावं. शहाणी आहे, समजेल. मी माझा मान सांभाळत बसले गं. डोळा तुझा गेला."

 बाईंना राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. खाली फरशीवर टपकन एक थेंब पडला आणि तो नेमका कोणाचा हे पालथ्या पडलेल्या माणसाला दिसत नाही. त्यांनी हात लांब करून चाचपडत नणंदबाईंचा पाय शोधला आणि घोट्याला घट्ट धरून ठेवला.

तीन महिने गेले. डोळा गेला नाही, पण पूर्वीसारखाही झाला नाही. त्या डोळ्यानं दाराची चौकट वाकडी दिसायची, माणसांची तोंडं जरा चेपल्यासारखी. उजवा एकदम ठणठणीत. आणि मग एक दिवस साहेबांचा फोन आला. नवीन काम सुरू होतंय, बावीस मजली. क्रेन उभी राहिलीय. तपासणीत तक्ता दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचायचा असतो, तो तुम्ही घडाघडा वाचाल. बाकीचा कागद मी बघतो. या तुम्ही.

बाईंचा आनंद गगनात मावेना. लगेच बूट पुसले. मग पुसलेले बूट तसेच ठेवून त्या चपला घालून बाहेर पडल्या आणि तडक चष्म्याच्या दुकानात गेल्या. या खेपेला गस्त नाही, चौकटी चाळणं नाही. स्टुलावर बसल्या.

"ताई, साहेब बोलावतायत," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. तक्ता वाचता येईल हे सांगितलं. दाराची चौकट वाकडी दिसते हेही सांगितलं. परवा चहा कपाच्या बाहेर ओतला गेला, तो धक्का लागून सांडला असं घरी सांगितलं होतं, तेही सांगितलं. "जाऊ का मी?"

 नणंदबाईंनी टेबलावरून दोन पेन्सिली उचलल्या, एक स्वतः हात लांब करून उभी धरली आणि दुसरी बाईंच्या हातात दिली. "वरून आण. टोकाला टोक लाव."

बाईंनी हात वर नेला आणि सावकाश खाली आणला. त्यांना वाटलं, लागलं. पेन्सिल चार बोटं अलीकडून खाली निघून गेली.

"पुन्हा."

पुन्हा चार बोटं. तिसऱ्यांदा पलीकडून गेली. अडीच टन बोटभर फटीत बसवणारा तो हात होता. बाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली. "ही पेन्सिलच बारीक आहे! तिथं खाली दादा असतात, ते सांगतात की मला!" त्या ताडकन उठल्या, दारापर्यंत गेल्या, रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मुठी आवळलेल्या.

मागून नणंदबाई म्हणाल्या, "चढू नकोस. आता कधीच चढू नकोस. हे मी तुला सांगतेय, आणि तुला राग येणार आहे हे मला माहीत आहे. ये तो राग घेऊन रोज, मी इथंच आहे. पण चढू नकोस."

रस्त्यावरून माणसं जात होती.  मग बाई परत आल्या, स्टुलावर बसल्या आणि फोन लावला.

"साहेब, मी वर येत नाही," त्या म्हणाल्या. "खाली काही काम असेल तर सांगा. झाडायचंसुद्धा चालेल."

तिकडून साहेबांचा चढलेला आवाज दुकानभर ऐकू आला. "अहो, काय बोलताय? डॉक्टर नाही म्हणाले का?"

"डॉक्टरांना अजून विचारलं नाही. विचारणार आहे."

"मग कोण म्हणालं?"

"माझी नणंद," वरच्या बाई म्हणाल्या, आणि फोन हातात धरून हमसून हमसून रडायला लागल्या. नणंदबाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांना पोटाशी धरून उभ्या राहिल्या. दारात एक गिऱ्हाईक येऊन थबकलं, तेव्हा त्यांनी त्याला मानेनंच, उद्या या, म्हणून सांगितलं.